वाट यंत्राला ठाऊक, पत्ता माणसाला

कोलकात्याच्या पूर्वेला सॉल्ट लेक नावाची मोठी वसाहत आहे. तिचे सरकारी नाव बिधाननगर. पूर्वी येथे खाऱ्या पाण्याची दलदल होती. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या काळात, १९६२ मध्ये, ती बुजवण्याचे काम सुरू झाले. हुगळी नदीचा गाळ पाण्यात कालवून नळांतून आणला गेला आणि त्या भरावावर युगोस्लाव्हियाचे वास्तुशिल्पी दोब्रिवोये तोश्कोविच यांच्या आराखड्याप्रमाणे नगर उभे राहिले.

आराखडा अगदी नीटनेटका. आधी सेक्टर, मग इंग्रजी अक्षरांच्या जोडीचा ब्लॉक आणि शेवटी घराचा क्रमांक. कागदावर यापेक्षा सोपा पत्ता नाही. पण प्रत्यक्षात नवखा माणूस हमखास चकतो. चौकाचौकांत तसेच वर्तुळ, ब्लॉकाब्लॉकांत तशीच बाग, तशीच दुमजली-तिमजली घरे. त्यात बीडी, सीडी, जीडी ही अक्षरे फोनवर एकसारखीच ऐकू येतात. म्हणून तेथली माणसे अक्षरांवर फारशी विसंबत नाहीत. ती पाण्याच्या उंच टाक्यांच्या नंबरांवरून खूण सांगतात. 'आठ नंबर टाकी', 'तेरा नंबर टाकी' ही तर बसथांब्यांचीच नावे होऊन बसली आहेत. वाशी-नेरूळच्या सेक्टरांत पत्ता शोधलेल्या मराठी माणसाला हे लगेच पटेल.

अशा ठिकाणी मोटारीतले किंवा मोबाइलमधले वाटाड्या यंत्र म्हणजे वरदानच. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत ते पकडते आणि किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा ठरवते. मूळ अमेरिकी व्यवस्था लष्करासाठी होती. सामान्यांना मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. मे २००० मध्ये ती चूक काढून टाकली गेली आणि घरोघरच्या गाड्यांना हे यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागले.

पुण्याहून सेक्टर पाचमधल्या नोकरीसाठी आलेल्या एका मराठी जोडप्याचे सारे याच यंत्रावर चाले. बाजार, मुलाची शाळा, दवाखाना, कुठेही जायचे तर आधी नाव टाकायचे आणि मग आवाज सांगेल तसे वळायचे. सात-आठ महिने झाले, तरी घरापासून बाजारापर्यंतचे वर्तुळ कितवे, हे दोघांनाही सांगता आले नसते. सांगण्याची वेळच आली नव्हती.

ती वेळ आली हिवाळ्यातल्या एका रात्री. सांगलीहून राहायला आलेल्या सासूबाईंच्या छातीत दुखू लागले. रुग्णवाहिका बोलावली, मुलाने मोबाइलवरून जागेची खूणही पाठवली. पण ती खूण पडत होती इमारतीच्या मागच्या गल्लीत आणि तिकडे फाटकच नव्हते. चालकाचा फोन आला, "दादा, कोणत्या बाजूने येऊ? जवळ काय आहे?" मुलगा गप्प. सूनबाई खिडकीतून बाहेर पाहू लागल्या, पण अंधारात सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसत होत्या.

शेवटी आजोबांनी फोन हातात घेतला. ते रोज सकाळी पायी फिरायला जात. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते आणि बांगलाही जेमतेम. वाट चुकली की मिठाईवाल्याला विचारायचे, तो "शोजा जान, तार पोर डान दिके" म्हणाला की सरळ जाऊन उजवीकडे वळायचे, असा त्यांचा शिरस्ता. त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदी-बांगलात टाकीचा नंबर, मिठाईचे दुकान आणि पुढचे हिरवे फाटक सांगितले. पाचव्या मिनिटाला गाडी दारात आली. सासूबाई वेळेत रुग्णालयात पोहोचल्या आणि बऱ्या होऊन घरी आल्या.

यात यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण वाट पाठ होण्यासाठी मेंदूला काम द्यावे लागते, हे खरे. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, या चालकांच्या मेंदूतला वाटांच्या स्मरणाशी संबंधित एक भाग इतरांपेक्षा मोठा होता. उलट, कॅनडातील संशोधकांनी २०२० मध्ये लहान गटावर केलेल्या पाहणीत, ज्यांनी वाटाड्या यंत्र अधिक वापरले होते त्यांची स्वतःहून वाट शोधण्याची स्मृती कमी भरली.

शिवाय यंत्राचा नकाशा आणि जमिनीवरचा रस्ता नेहमी जुळतोच असे नाही. दुर्गापूजेच्या दिवसांत मंडपांमुळे रस्ते बंद होतात, हे मिठाईवाल्याला आधी कळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. पुलाचा भाग पूर्वीच पुरात वाहून गेला होता, पण नकाशावर रस्ता दिसत होता.

तेव्हा नव्या गावात बिऱ्हाड केले, की यंत्र जरूर वापरावे. पण आठवड्यातून एकदा ते बंद ठेवून घरातल्या सर्वांनी पायी फेरी मारावी. जवळचे दुकान, दवाखाना, टाकी पाहून ठेवावी. दुकानदाराशी दोन शब्द बोलावेत. आणि आपल्या घराची वाट चार वाक्यांत लिहून फोनजवळ लावावी. रात्रीबेरात्री दमलेल्या, घाबरलेल्या माणसालाही ती वाचून दाखवता यावी, इतकी सोपी.