झाकणे आणि जपणे

आषाढ शुद्ध चतुर्दशीला मुनिसंघाचा वर्षायोग सुरू होतो. पावसाळ्यात जमिनीवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते, पाऊल कोठे पडेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून साधू विहार थांबवून एका गावी स्थिरावतात. त्याच सुमारास वाळवा तालुक्यातील शेतकरी श्रावकांच्या घरीही आवराआवर चाललेली असते. धान्य कोरड्या जागी जाते, जळण पडवीत येते, कडबा रचून झाकला जातो. घरातील बहुतेक प्रत्येक वस्तूला छप्पर मिळते. अलीकडे एक वस्तू मात्र त्यातून सुटू लागली आहे, ती म्हणजे सायकल.

उरुण-इस्लामपुरातील जुन्या घरांत सायकलीची जागा ठरलेली असे. दारातून आत आले की सोपा आणि सोप्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकलेली सायकल. वर कौले, खाली फरशी आणि समोर उघडा चौक. तिच्या रक्षणासाठी वेगळे काही करावे लागत नसे. घराची रचनाच तिला जपत असे. आता सोपे गेले. नव्या सिमेंटच्या घरांपुढील मोकळी जागा मोटार आणि दोन मोटारसायकली व्यापून टाकतात. सायकल कुंपणाच्या भिंतीकडे, शेवग्याच्या झाडाखाली जाते आणि आकाशाच्या स्वाधीन होते.

अशाच एका घरातील ही सायकल. घरातील वडीलधारे अण्णा निवृत्त शिक्षक. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत साठवलेल्या पैशांतून त्यांनी अठ्ठावीस इंची चाकांची, रॉड ब्रेकची काळी सायकल घेतली. शाळा, शेत आणि रोजचे जिनदर्शन या तिन्हींचा रस्ता त्यांनी तिच्यावरूनच तुडवला. पुढे एका वर्षायोगात त्यांनी परिग्रह-परिमाण व्रत घेतले. शेत किती, वस्त्रे किती, सोने किती याबरोबरच स्वतःसाठी वाहन एकच, आणि ते हेच, अशी मर्यादा त्यांनी घालून घेतली. त्या दिवसापासून या सायकलीच्या जागी दुसरी येण्याची वाट बंद झाली. ती टिकली तर अण्णांना वाहन, नाही तर पायी चालणे.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेमुळे अण्णांचे सायकल चालवणे पावसाळाभर बंद होते. वडिलांची सायकल भिजू नये म्हणून मुलाने जाड प्लास्टिकचे आवरण आणले, ते जमिनीपर्यंत ओढले आणि वाऱ्याने उडू नये म्हणून दोरीने गच्च बांधले. मृग, आर्द्रा, पुष्य, आश्लेषा अशी एकेक नक्षत्रे बरसून गेली. दशलक्षण पर्व झाले. क्षमावणीच्या दुसऱ्या दिवशी नववीत शिकणाऱ्या नातवाने शाळेसाठी सायकल मागितली, तेव्हा दोरी सुटली.

आतून कुबट वास आला. हँडलच्या चकाकत्या मुलाम्यावर तांबूस फोड उठले होते. चेन इतकी गंजली होती की उचलल्यावर ती काठीसारखी ताठ राहिली. सीटवर पांढरी बुरशी, रिमवर गोगलगायी, आणि हँडलच्या मुठीत मुंग्यांचे अंड्यांसह वसलेले घर. मुलाचा चेहरा उतरला. "अण्णा, आत पावसाचा एक थेंबही गेलेला नाही," तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते, आणि तरीही सायकल गंजली होती.

गंजण्याला पाऊसच लागतो असे नाही. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एवढे तिघे एकत्र आले की पुरे. हवेतील आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे गेली की लोखंडावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि गंजण्याची क्रिया वेग घेते. मातीवर उभ्या असलेल्या सायकलीला जमिनीपर्यंत आवरण घातले की दिवसाच्या उन्हाने मातीतील ओलावा वाफ होऊन वर येतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते. रात्री प्लास्टिक गार पडते, वाफेचे थेंब होतात आणि ते आतल्या बाजूने लोखंडावर ठिबकतात. बाहेर उघड्यावर भिजलेली सायकल उघडीप मिळाली की वाऱ्याने वाळते. गच्च झाकलेली वाळतच नाही. त्यातून लोखंडाचा गंज ॲल्युमिनियमवरच्या पातळ थरासारखा घट्ट बसून राहणारा नसतो. तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे नवे लोखंड पुन्हा हवेला उघडे पडते. दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, पण त्याच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्याने त्यावर संरक्षक थर तयार झाला आहे. सायकलीच्या पोलादाला ते भाग्य नाही. तिच्या वाट्याला रंग, मुलामा आणि माणसाचा हात एवढेच येते.

सायकल मिस्त्रीकडे नेण्यापूर्वी अण्णांनी एक दिवस जाऊ दिला. मुंग्या असताना मुठीवर रॉकेल ओतण्यास त्यांनी साफ नकार दिला. आवरण दूर झाले, उजेड व वारा आत शिरला, सायकल भिंतीशी सावलीत उभी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुंग्या आपली अंडी घेऊन आपल्या वाटेने निघून गेल्या होत्या. गोगलगायी नातवाने पानावर घेऊन अळूच्या वाफ्यात सोडल्या. मग सायकल दुकानात गेली.

मिस्त्रीने चेन बदलली, मधल्या ॲक्सलमधील छर्रे काढून नवे घातले, आतले साठलेले पाणी दाखवले. सीटचा दांडा जेथे सांगाड्यात शिरतो, त्या फटीतून हे पाणी महिनोन् महिने झिरपत आले होते. पॉलिश पेपरने गंज घासून त्यावर रंगाचा हात देताना तो म्हणाला, "अण्णा, निघालेला मुलामा परत येत नसतो. आता आहे तेवढे सांभाळा."

परतताना अण्णांनी नातवाला ही गोष्ट घरच्या भाषेत समजावली. पाठशाळेत तो आस्रव, संवर आणि निर्जरा ही तत्त्वे शिकला होता. कर्मांचे येणे तो आस्रव, ते येणे अडवणे हा संवर, आणि आलेले झडवणे ही निर्जरा. "मिस्त्रीने केली ती निर्जरा, बाळ. संवर आपल्याला घरी करायचा आहे. आत येणारे थांबवले नाही, तर घासून घासून आपण नुसते झिजवत राहू."

घरी आल्यावर सायकलीची जागा बदलली. इकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून घराच्या पूर्वेकडील भिंतीची बाजू निवडली. तेथे झोत थेट येत नाही. मातीवर दोन शहाबादी फरश्या टाकल्या, म्हणजे चाके चिखलात राहणार नाहीत. वर भिंतीला बाहेरच्या बाजूस उतार देऊन दीड हात रुंदीचा पत्रा बसवला. वळचणीचे पाणी फरशीवर पडू नये इतका तो पुढे काढला. तिन्ही बाजू उघड्या ठेवल्या. मोठ्या पावसाच्या दिवसांत ताडपत्रीचा तुकडा वरून फक्त हँडल व सीटवर टाकायचा, चाकांपर्यंत ओढायचा नाही, आणि उघडीप पडली की काढून घ्यायचा, असा नियम ठरला. सोप्याने जे काम न बोलता केले होते, तेच काम हा दीड हातांचा पत्रा करू लागला.

एक गोष्ट मात्र अण्णांनी निक्षून बंद केली. ऊसपट्ट्यात खताच्या रिकाम्या पोत्यांना तोटा नसतो. ती उसवून त्यांची खोळ सायकलीला घालणे सर्रास दिसते. पोत्याच्या विणीत उरलेले खत म्हणजे क्षार. क्षार हवेतील ओलावा ओढून घेतो आणि लोखंड अधिक वेगाने खातो. कॅरिअरवरून खताची पिशवी आणली तरी तो दांडा त्याच दिवशी ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसणे आवश्यक असते.

देखभालीचे दिवसही वेगळे शोधावे लागले नाहीत. अष्टमी आणि चतुर्दशी या तिथी घरात पाळल्या जातातच. त्याच दिवशी दुपारी सायकलीला पाव तास द्यायचा. प्रथम मऊ कुंचल्याने मडगार्डखाली, आऱ्यांमध्ये, सीटखाली हलक्या हाताने झाडायचे. कोळी, मुंगी, गोगलगाय असेल तर ती बाजूला जाईपर्यंत थांबायचे. मग कोरडे फडके. नळीने जोराचे पाणी मारायचे नाही. पाणी हे जलकायिक जीवांचे शरीर आहे ही शिकवण तर आहेच, शिवाय जोराचे पाणी छऱ्यांमधील वंगण धुऊन नेते आणि त्याची जागा स्वतः घेते. तेल चेनच्या प्रत्येक दुव्यावर एकेक थेंब, आणि दहा मिनिटांनी वरचे तेल पुसून काढायचे. आत गेलेले तेल काम करते; बाहेर राहिलेले धूळ धरते, आणि त्यात लहान कीटक चिकटून मरतात. खोबरेल किंवा गोडेतेल वापरायचे नाही; ते चिकट होते आणि मुंग्यांना बोलावते. रिमला तेलाचा हात लागू द्यायचा नाही, नाही तर ब्रेक लागत नाही. टायरमधील हवा पुरेशी ठेवायची आणि उभी सायकल असली तरी चाक थोडे फिरवून ठेवायचे, म्हणजे सगळा भार रबराच्या एकाच जागी पडून तेथे चिरा जात नाहीत.

मंदिरातील स्वाध्याय मंडळात एका ज्येष्ठ श्रावकांनी अण्णांना हसत विचारले, "एका जुन्या सायकलीची एवढी काळजी! व्रत घेतले खरे, पण हा मोह नव्हे का हो?" प्रश्न थट्टेचा असला तरी रास्त होता. तत्त्वार्थसूत्राने परिग्रह वस्तूत नव्हे, वस्तूविषयीच्या आसक्तीत सांगितला आहे. मग जपणे कोठे संपते आणि आसक्ती कोठे सुरू होते?

अण्णांनी त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढच्या बैठकीत विषय पाच समितींचा निघाला. त्यांतील आदाननिक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, झाडून, जीवघात न होईल अशा रीतीने वागणे. ती महाव्रती साधूंसाठी सांगितली आहे. पिंछी, कमंडलू आणि शास्त्र एवढेच ज्यांचे उपकरण, त्यांनीही ते सावधपणे ठेवायचे. तेथे अण्णा एवढेच म्हणाले, "ज्यांच्याजवळ काही नाही, त्यांनाही ठेवण्या-उचलण्याचा नियम आहे. आपल्याजवळ तर किती आहे! माझी सायकल गंजून गेली असती, तर नवीसाठी कोणी तरी जमीन खणली असती, भट्टी पेटवली असती. ती हिंसा एका फडक्याने टळत असेल तर फडके मारावे." आणि थोडे थांबून म्हणाले, "मोहाचे म्हणाल, तर ते तिच्यावाचून राहता येते का, यावरून कळेल."

ते कळण्यासाठी फार थांबावे लागले नाही. दृष्टी पूर्वीसारखी राहिली नव्हती. पेठ रस्त्यावरची वर्दळ त्यांना झेपण्यासारखी नव्हती. दिवाळीत, वीरनिर्वाणाच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी सायकल नातवाच्या नावे केली. नावे करायला कागद नव्हता; किल्ली, पंप, कुंचला आणि तेलाची डबी एवढे त्याच्या हाती दिले. आपल्या परिमाणातील वाहनाचा आकडा त्यांनी शून्य केला आणि दुसऱ्या दिवसापासून ते मंदिरात पायी जाऊ लागले.

त्यांनी नातवाला एक गोष्ट आवर्जून सांगितली. याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलीच्या दुकानातून झाली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या भीतीने शेतकरी तो घेईनात. तेच नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्यांत वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकच्या जैन घराण्यातील भाऊराव पाटीलही होते; पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून ते कर्मवीर झाले. या मातीने लोखंड सहजासहजी स्वीकारलेले नाही. ज्यांनी ते आणले आणि वापरले, त्यांनी ते कष्टाने वापरले, असे अण्णांचे सांगणे.

यंदाचा पावसाळा त्या पत्र्याखाली गेला. हँडलवरचे जुने डाग तसेच आहेत. एका मडगार्डच्या कडेला नवा गंजही दिसला, कारण सहामाही परीक्षेच्या दिवसांत नातवाच्या दोन चतुर्दशी चुकल्या होत्या. अण्णांनी त्याबद्दल एक शब्द उच्चारला नाही. नातवाने स्वतःच पॉलिश पेपर आणला. चेन मात्र मोकळी आहे, ब्रेक लागतात, मुठीत मुंग्यांनी घर केलेले नाही. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येपेक्षा सायकली अधिक आहेत आणि त्यांतील असंख्य वर्षभर उघड्यावर उभ्या असतात. तेथे चेन पूर्ण बंद पेटीत ठेवून तिला पाण्यापासून वाचवण्याची जुनी पद्धत आहे. इस्लामपुरात ती पेटी नसली तरी पत्रा, फरशी, कुंचला आणि दोन तिथी यांवर काम भागते.

ज्या घरांत सायकल उघड्यावर असेल, त्यांनी ही व्यवस्था वर्षायोगाची वाट न पाहता वैशाखातील वळवापूर्वीच करावी. पहिला पाऊस बहुधा सगळे बेसावध असतानाच येतो. आणि आवरण घातलेच असेल, तर आठवड्यातून एकदा तरी ते काढून आत काय चालले आहे ते पाहावे.