क्रिस्तियानसांदची एक संध्याकाळ

डेन्मार्कच्या हिर्टशाल्स बंदरातून निघालेल्या बोटीने मला नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर, क्रिस्तियानसांदला उतरवले. यान बांग आणि एरिक होनोरे यांनी 2005 मध्ये येथे ‘पुंक्त’ (म्हणजे बिंदू) हा संगीतमहोत्सव सुरू केला. त्याची तऱ्हाच न्यारी! जाझची मैफल संपते न संपते तोच तिचे नुकतेच टिपलेले सूर यंत्रांतून नवे रूप घेऊन येतात, आणि त्यांच्या संगतीला वादक वाद्ये घेऊन बसतात.

खरे सांगायचे तर मी कपाळाला आठी घालूनच गेलो होतो. मुंबईत, धोबीतलावाला, आमच्या ओळखीचे एक गोवेकर ट्रम्पेटवादक राहत. सिनेमाच्या वाद्यवृंदात त्यांची हयात गेली. पुढे एका की-बोर्डात सारा वाद्यवृंद मावू लागला, नि त्यांना बोलावणे येईनासे झाले. ट्रम्पेट कपाटावर चढला तो कायमचाच.

येथे मात्र निराळेच पाहिले. ट्रम्पेटवाल्याने एक सूर फुंकला. यंत्रावर बसलेल्याने तो झेलला, लांबवला, धुक्यासारखा पसरला. ट्रम्पेटवाला डोळे मिटून ऐकत राहिला आणि मग त्याने त्या सुराला जबाब दिला. सतारियाने तबलजीला द्यावा तसा!

बाहेर पडलो तेव्हा बंदरावर पाऊस भुरभुरत होता. गोवेकर काका आज बरोबर हवे होते, असे राहून राहून वाटले.