एक डावा कोपरारक्षक

भविष्य सांगण्याची हौस आणि मधुमेह या दोन गोष्टी माणसाला नेमक्या केव्हा जडतात, हे कळत नाही. माझ्या बाबतीत दोन्ही एकदमच आल्या. मधुमेहाला निदान गोळ्या तरी आहेत.

गैरसमज नको. मी पत्रिका पाहत नाही, हातावरच्या रेषांशीही माझं वैर आहे. प्रो कबड्डीच्या लिलावात आपली पुणेरी पलटण कोणाकोणाला घेणार, हे आधी ओळखायचं, एवढंच माझं ज्योतिष. २०१४ साली ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा पाटण्यानं राकेशकुमारला १२ लाख ८० हजारांना घेतलं, तो त्या लिलावातला सर्वांत मोठा आकडा. ‘हुतूतू घालायला बारा लाख?’ असं म्हणत मी वर्तमानपत्र टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. तेव्हापासून प्रत्येक लिलावाआधी मी आखणी करतो. संघाकडे पैसे किती, ठेवले कोण, सोडले कोण, जागा कुठं रिकामी. या शास्त्रशुद्ध पद्धतीनं माझी आजवरची सगळी भाकितं चुकली आहेत. पद्धतीचा दोष नाही. संघवालेच शास्त्र पाळत नाहीत.

तर २०२३ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. पितृपक्ष चालू होता आणि सासऱ्यांच्या पित्तराला आम्ही उभयता खोडदला गेलो होतो. खोडद म्हणजे जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावजवळचं गाव. जगाच्या नकाशावर ते आहे ते तिथल्या रेडिओ दुर्बिणीमुळं. गोविंद स्वरूप यांच्या डोक्यातून निघालेल्या ३० प्रचंड तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची. त्यांतल्या १४ एका ठिकाणी गर्दी करून, बाकीच्या १६ तीन दिशांना शेतांतून पांगलेल्या. सासुरवाडीच्या ओट्यावर बसलं की त्यांतली एक समोर दिसते. ती आभाळाकडे तोंड करून बसलेली असते आणि मी स्वयंपाकघराकडे.

आमचा मेहुणा शेतकरी. टोमॅटो लावतो. दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेसाठी फड ठरवायला येतात. गावाकडून त्या वाटाघाटीला हाच जातो. म्हणजे सौदा, बोली, घासाघीस हे त्याच्या रक्तात. माझ्यासारखी वही त्याला लागत नाही.

“काय दाजी, उद्या आपली पलटण कोणाला घेतीय?” त्यानं रात्री जेवणं झाल्यावर विचारलं.

मी वही काढली. बारा संघ, प्रत्येकाला पाच कोटींची मर्यादा, यादीत पाचशेहून जास्त खेळाडू, त्यांचे चार वर्ग. वरच्या वर्गाची मूळ किंमत ३० लाख, मग २०, १३ आणि शेवटच्या वर्गाची ९ लाख. अस्लम इनामदार आपल्याकडे आहेच. फझल अत्राचलीला सोडल्यामुळं डावा कोपरा रिकामा आहे. “तेव्हा,” मी चष्मा पुसत म्हणालो, “पलटण एखादा होतकरू, स्वस्तातला, शक्यतो मराठी पोरगा घेईल.”

“नाय,” मेहुणा म्हणाला. “इराणी घेणार. शादलुई.”

मोहम्मदरेझा शादलुई! कोपऱ्यात वाकून उभा राहणारा आणि चढाईवाल्याचा घोटा एकदा हातात आला की रेशनकार्डासारखा घट्ट धरून ठेवणारा तो गडी! मला हसू आलं. मी मुद्दे मांडले. एक, फझल हाही इराणी, तोही डावा कोपरारक्षक, त्याला २०२२ साली १ कोटी ३८ लाखांना घेतला होता. एक महागडा इराणी सोडून दुसरा महागडा इराणी कोण घेईल? दोन, त्याच वर्षी तामिळ संघानं पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख ओतले आणि पवन पहिल्याच सामन्यात गुडघा धरून बाहेर बसला तो हंगामभर. एवढं बघून कोणी एका माणसावर पैसे लावील? आणि तीन, हा मुद्दा बिनतोड होता, सध्या पितृपक्ष आहे. पितृपक्षात पुणेकर साधी कढई विकत घेत नाही!

मेहुण्यानं तंबाखू मळली. “दाजी, जयपूरनं आपल्याला फायनलला किती फरकानं हरवलं?”

“३३-२९. डिसेंबर २०२२.”

“आन परवा एशियाडमधी आपण इराणला किती फरकानं हरवलं?”

मी गप्प. परवा, ७ ऑक्टोबरला, हांगझोऊमधला तो अंतिम सामना, ज्यात गुण कोणाला किती द्यायचे यावरून तासभर खेळ थांबला होता, तोही ३३-२९ असाच संपला होता.

“म्हंजी पलटण आन इराण एकाच आकड्यावर पडले. समदुःखी हायेत. सोयरीक व्हनारच.”

या तर्कापुढं अॅरिस्टॉटलही तंबाखू मागून घेईल. पण मग तो जरा गंभीर होऊन म्हणाला, “आन दुसरं सांगू का, म्हातारा बैल बाजारात नेऊन विकला, तो काय गोठा रिकामा ठेवायला? बाजारात ज्याला माल खरंच घ्यायचा आसतो ना, तो व्यापारी क्रेटकडं बघतच नाय. भलतीकडं बघत उभा राहतो. आधी जागा करतो, गुमान.”

हे मात्र माझ्या वहीत नव्हतं.

बाजाराची गोष्ट निघाली आणि ओट्यावर थोडी शांतता पसरली. त्या वर्षी टोमॅटोनं काय केलं, हे तुम्हीही भाजी घेताना अनुभवलं असेल. जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. आसपासच्या काही शेतकऱ्यांनी महिन्याभरात घरं बांधायला काढली. मेहुण्याचं पीक मात्र जुलैत नव्हतं. ‘पावसाळ्यात भाव टिकतो’ असं भाकीत करून त्यानं लागवड उशिरा धरली. माल आला तो सप्टेंबरात, आणि तोवर भाव असा आपटला की तोडणीची मजुरीसुद्धा अंगावर आली.

“शादलुईला दोन कोटी म्हंजी किती क्रेट?” त्यानं एकदम विचारलं, आणि स्वतःच म्हणाला, “जुलैच्या भावानं धा हजार. आताच्या भावानं…” आणि हिशोब तिथंच सोडला. “कबड्डीचं बरं आसतं दाजी. आंदाज चुकला तर आपलं काय जात नाय.”

या वेळी भाचा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला. वय एकोणीस, अंग कमावलेलं. गावच्या संघात खेळतो. तालुक्यातल्या मातीवर त्याच्या पकडींची चर्चा असते म्हणे. त्याला पुण्यात राहून कॉलेज करायचं आहे आणि एखाद्या चांगल्या संघात सराव करायचा आहे, हे सौभाग्यवती मला दोन महिने सुचवत होत्या. मी दोन महिने आमच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ सांगत होतो. दोन खोल्या. पैकी एकीत माझ्या वह्या.

“पैज लावायची का?” मेहुणा म्हणाला.

“लाव!” मी म्हणालो. शास्त्राचा अपमान मला सहन होत नाही.

“पलटणीनं शादलुई घेतला तर पोरगं वर्षभर तुमच्याकडं. नाय घेतला तर यंदाची कोथिंबीर, टमाटी, तांदूळ, समदं वर्षभर घरपोच.”

मी क्षणभरही विचार केला नाही. विचार करायला लागू नये म्हणून तर मी वही आखतो. “मान्य!”

सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या माणसाला एवढी सूचना पुरायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी, सोमवार ९ ऑक्टोबरला, मुंबईत लिलाव. आम्ही टीव्हीपुढं बसलो. पाच-सहा शेजारी, चहा, पित्तराचे उरलेले वडे. आणि शादलुईचं नाव पुकारायची वेळ येते न येते तोच लाईट गेली.

विचार करा. समोर ३० तबकड्या उभ्या. त्याच वर्षी जानेवारीत जाहीर झालं होतं की याच दुर्बिणीनं ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश पकडला. आणि मुंबईत या मिनिटाला कोण किती बोली लावतोय, हे खोडदमध्ये कोणाला कळेना! अंधारात बसून मला एकदम जाणवलं की हे शास्त्रज्ञ शहाणे. ते फक्त होऊन गेलेल्याची चौकशी करतात. तिथं पैज हरायची भीती नाही.

भाचा रेंजसाठी माळवदावर चढला. खाली आम्ही सगळे माना वर करून. मेहुण्याची तंबाखू मळायची थांबली होती. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो माझ्या शेजारी इतका ताठ बसला होता की मला पहिल्यांदाच शंका आली. हा माणूस कबड्डीची वाट बघत नाही. दोन महिने याच्या तोंडात एक वाक्य अडकलंय, ‘दाजी, पोराला ठेवून घ्याल का?’ हंगाम हातचा गेलेल्या माणसाला ते मेहुण्यापुढं उच्चारता येत नाही. म्हणून त्यानं ते इराणमार्गे पाठवलं. बाजारात खरंच माल हवा असलेला माणूस भलतीकडं बघत उभा राहतो, हे मला आदल्या रात्री त्यानंच सांगितलं होतं.

माळवदावरून आवाज आला, “घेतला! पलटणनं घेतला! २ कोटी ३५ लाख!”

पाच कोटींतले जवळजवळ निम्मे, एका डाव्या कोपऱ्यावर. आणि तेही पितृपक्षात! त्याच रात्री पवन २ कोटी ६० लाख ५० हजारांना तेलुगू संघाकडे गेला आणि फझल १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे. म्हणजे जगानं माझे तिन्ही मुद्दे एकाच संध्याकाळी निकालात काढले.

मेहुणा काही बोलला नाही. अंधारात त्यानं माझा हात शोधून तंबाखूची चिमूट पुढं केली. मी तंबाखू खात नाही. त्या दिवशी खाल्ली, आणि पंधरा मिनिटं खोकलो. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळंच, हे मी तिथल्या तिथं सर्वांना स्पष्ट केलं.

अशा रीतीनं पलटणीनं २ कोटी ३५ लाखांना एक डावा कोपरारक्षक घेतला आणि मला एक फुकट मिळाला. भाचाही डाव्या कोपऱ्यातच खेळतो. फुकट हा शब्द मी पहिल्या आठवड्यात मागं घेतला. सकाळी सहा भाकरी, सरावाहून आल्यावर दूध, आणि माझ्या वह्यांची रवानगी माळ्यावर. मात्र १ मार्च २०२४ ला पलटणीनं हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेतेपद मिळवलं, तेव्हा आम्ही दोघांनी इतका आरडाओरडा केला की खालच्या मजल्यावरचे सभ्य गृहस्थ वर आले आणि निकाल कळल्यावर आमच्यातच ओरडायला बसले.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेलच. पुढच्याच लिलावात, ऑगस्ट २०२४ मध्ये, पलटणीकडचा शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. त्या डिसेंबरात हरियाणानं इथं पुण्यात, बालेवाडीला, पाटण्याला हरवून चषक उचलला. २०२५ मध्ये तो २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे. तीन लिलावांत तीन घरं. आमच्या खेळाडूचं वर्ष केव्हाच संपलं, पण आम्ही त्याला कायम ठेवला आहे. त्याचं नाव अजून कुठल्या यादीत आलेलं नाही. येईल का, ते मी सांगत नाही. ज्याचं आपल्याला खरंच पडलेलं असतं, त्याचं भाकीत करवत नाही, एवढं आता मला कळतं.

परवा मेहुण्याचा फोन आला. “दाजी, पुढल्या लिलावात पलटण कोणाला घेईल? लावायची का पैज?”

मी सावधपणे विचारलं, “तुझी धाकटी आता कितवीला आहे?”

“बारावीला. आन दाजी,” पलीकडून तंबाखू मळल्याचा आवाज आला, “खो-खो लई भारी खेळती.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता. मी माळ्यावरची वही काढायला उठलो.