बॅटमॅनची आई

सुपरहिरोंच्या ग्राफिक कादंबऱ्यांतली मारामारीची पानं मी हल्ली भराभर उलटतो. कोण कुणाला इमारतीवरून फेकणार, यात गंमत उरलेली नाही. मला बघायची असतात ती त्यांची घरं.

टॉम किंग आणि मिच गेराड्स यांची ‘मिस्टर मिरॅकल’ (२०१७-१८) म्हणूनच मला सगळ्यांत सरस वाटते. त्यातला नायक स्कॉट फ्री कुठल्याही बेडीतून निसटणारा. बायको बार्डा त्याच्याहून दांडगी. एका प्रकरणात दोघं पहारेकऱ्यांना लोळवत, सापळे चुकवत राजवाड्यात घुसतात आणि सगळा वेळ बोलतात ते लॉस एंजलिसमधल्या आपल्या फ्लॅटबद्दल: तोडफोड कुठे करायची, जागा कशी काढायची. बार्डाच्या डोक्यात हे आत्ताच का आलंय, ते शेवटी उलगडतं. तिला दिवस गेलेत! पानावर नऊ सारख्या चौकटी, जवळजवळ पुस्तकभर. सुटकेचा बादशहा त्या गजांआड. पुढे विश्वाचा कर्दनकाळ डार्कसाइड बोलणी करायला बसतो आणि समोरच्या तबकातलं गाजर उचलून खातो. त्याच्या सगळ्या सैन्यापेक्षा ते गाजर जास्त भीतिदायक आहे.

स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांची ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ २०२४च्या ऑक्टोबरात सुरू झाली. या ब्रूसकडे ना वाडा, ना इस्टेट. वडील शाळामास्तर, तेही गोळीबारात गेलेले. छातीवरचं वटवाघूळ उपसून तो कुऱ्हाडीसारखं चालवतो, यावर चाहते फिदा. दिसतं झकास, नाकारत नाही. (खांदे मात्र अति झाले, दारातून आत कसा येत असेल?) पण खरी उलथापालथ म्हणजे त्याची आई मार्था जिवंत आहे. १९३९पासून पोरका असलेला हा मुलगा आता कुणाच्या तरी नजरेला नजर द्यायला बांधील आहे. कुऱ्हाडीची चार पानं कमी करून तिला दिली असती तर?

भुताखेतांच्या बाजूला जेम्स टिनियन आणि वेर्थेर डेल’एडेरा यांची ‘समथिंग इज किलिंग द चिल्ड्रन’ आहे. विस्कॉन्सिनमधल्या आर्चर्स पीक गावात राक्षस मुलांना दिसतात, मोठ्यांना नाही. जेम्स नावाच्या मुलाचे मित्र मारले जातात, तो एकटा वाचतो; खरं सांगावं तर विश्वास कोण ठेवणार? येते ती राक्षसांची शिकार करणारी एरिका स्लॉटर, सोबत कापडी ऑक्टोपस घेऊन. पुढच्या खंडांत शिकाऱ्यांची गुप्त संघटना, तिचे नियम, मुखवट्यांचे रंग यांचा पसारा वाढत जातो आणि भीती पातळ होते. मला जेम्सचं घर अजून बघायचं होतं.