दगडाला दिशा कोण देतो?

जुन्या दगडांच्या मोजमापाबद्दल वाचायला बसलो की मला दोन प्रकारची माणसं भेटतात. एकाला प्रत्येक दगडात सूर्य, चंद्र आणि हरवलेलं महाज्ञान दिसतं. दुसऱ्याला नुसते दगड दिसतात. गंमत अशी की टेप दोघांच्याही हातात असते.

अलेक्झांडर थॉम हे ऑक्सफर्डचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी ब्रिटनमधली शेकडो दगडी वर्तुळं आणि उभे दगड स्वतः मोजले. १९६७ साली त्यांचं पुस्तक आलं. हे सगळं २.७२ फुटांच्या, म्हणजे सुमारे ८३ सेंटिमीटरच्या एकाच मापाने आखलं गेलं, असा त्यांचा दावा होता. या मापाला त्यांनी ‘मेगॅलिथिक यार्ड’ नाव दिलं. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी हे आकडे तपासले. काही वर्तुळांत एकसारखेपणा दिसतो, पण थॉम म्हणतात तितका काटेकोरपणा सिद्ध होत नाही, अशी शंका उरली. आखणारे लोक कदाचित पावलांनी मोजत असतील, असंही काहींनी सुचवलं.

मला हे पटकन पटलं, कारण माझे अब्बा गवंडी होते. ओळंबा, गुण्या, दोरी सगळं जवळ असायचं, पण कोऱ्या जागेवर ते आधी पावलं टाकायचे. त्यांनी आखलेल्या खोल्या उद्या कुणी मोजल्या, तर त्यातूनही एक ‘एकक’ निघेल. ते कुठल्या गुप्त विद्येचं नसेल. साडेपाच फुटी माणसाच्या चालीचं असेल.

म्हणून सगळंच योगायोग म्हणून सोडून द्यायचं का? तसंही नाही. आयर्लंडमधलं न्यूग्रेंज बघा. पाच हजार वर्षांहून जुनं थडगं. दारावर एक झरोका ठेवलेला आहे. डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसांत उगवत्या सूर्याची तिरीप त्यातून शिरते आणि लांब बोळातून थेट आतल्या दालनात पोहोचते. मायकेल ओ'केली यांनी १९६७ च्या डिसेंबरमध्ये आत उभं राहून ती पाहिली. तो झरोका मुद्दाम बांधलेला आहे, दाराला त्याची गरज नव्हती. हेतू असा बांधकामातच दिसला पाहिजे.

याउलट आल्फ्रेड वॉटकिन्सचं पाहा. १९२५ च्या पुस्तकात त्यांनी इंग्लंडच्या नकाशावर टेकड्या, चर्च आणि दगड जोडणाऱ्या सरळ रेषा ओढल्या. पण नकाशावर ठिपके पुरेसे असले की सरळ रेषा आपोआप सापडतातच. जुळलेल्या रेषा सगळे मोजतात, न जुळलेल्या कोण मोजतो?

जेराल्ड हॉकिन्स यांचं नाव या विषयात मोठं. स्टोनहेंज म्हणजे ग्रहणं सांगणारं यंत्र, असं त्यांनी १९६५ च्या पुस्तकात मांडलं. तिथे उत्खनन केलेल्या अॅटकिन्सन यांनी त्याची खिल्ली उडवली. याच हॉकिन्स यांनी पुढे डेव्हिड किंग यांच्याबरोबर काबागृहाच्या दिशेवर लेख लिहिला. काबाचा लांब अक्ष सुहैल, म्हणजे अगस्त्य तारा, उगवतो त्या दिशेला आहे आणि आखूड अक्ष उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे. इथे मोठा फरक असा की मध्ययुगीन अरबी ग्रंथांत हे आधीच लिहिलेलं होतं. मोजमाप आणि साक्ष वेगवेगळ्या वाटांनी आली आणि एकाच जागी भेटली.

हा विषय माझ्या मोहल्ल्यातही आला. नागपुरातल्या आमच्या जुन्या मशिदीची मेहराब जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे. नागपूरहून मक्केची दिशा मात्र पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेला पडते. एका पोराने मोबाइल दाखवला आणि जमातीत दोन तट पडले. काही म्हणाले, भिंत पाडा. काही म्हणाले, वाडवडिलांच्या नमाजा फुकट गेल्या का? हा दुसरा प्रश्न विचारताना एका म्हाताऱ्या चाचांचा आवाज कापत होता.

२८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य काबाच्या बरोबर माथ्यावर असतो. त्या क्षणी आम्ही अंगणात ओळंब्याने काठी उभी केली. सावली पडते त्याच्या उलट बाजूला किब्ला. मोबाइल बरोबर होता. आणि चाचाही बरोबर होते, कारण दूरच्या माणसाला नेमका बिंदू लागत नाही, दिशा पुरते, असं हनफी फिक्ह सांगतं. बांधणाऱ्यांनी दिशा पाळली होती. अंश त्यांनी कबूलच केले नव्हते. भिंत राहिली. सफांच्या रेघा तेवढ्या थोड्या तिरक्या आखल्या.

शहराजवळच जुनापाणीला लोहयुगातली दगडी वर्तुळं आहेत. त्यांच्या काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. वर्तुळाच्या मध्यापासून त्यांच्या दिशाही अभ्यासकांनी मोजल्या आहेत, आकाशाशी नातं आहे का हे शोधायला. शोधावंच. पण ती आधी थडगी आहेत. कुणीतरी आपलं माणूस तिथे ठेवलं, त्याच्याभोवती दगड ओढत आणले. त्या लोकांना आपल्या अंशांची परीक्षा द्यायला लावण्याआधी, त्यांना किती अचूकता हवी होती एवढं तरी विचारायला हवं.