जव्हारला कुठे जेवाल?

मुलांनो, पालघर जिल्ह्यातील जव्हारला सहलीला गेलात तर जयविलास राजवाडा आणि दाभोसा धबधबा पाहालच. मग भूक लागेल. पाटी मोठी ते हॉटेल चांगले, असे समजू नका. मी आधी चुलीकडे पाहतो. नागलीची भाकरी समोर थापली जात असेल, सोबत उडदाची आमटी असेल, तर तिथेच बसतो. मात्र असे जेवण सकाळीच सांगून ठेवलेले बरे. मोखाड्याच्या बाजूला तर नक्कीच! आणि हवे तेवढेच वाढून घ्या. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने अनेक बालके दगावली. तुमच्या ताटातली नागली तिथल्यासारख्याच डोंगरउतारावर, पावसाच्या भरवशावर पिकते.