नाळेचें रक्त आणि दादांचें पाऊल

एखादा मनुष्य गांव सोडावयास तयार नसला म्हणजे "तुझी नाळ पुरली आहे काय इथें?" असें आपण थट्टेनें विचारतों. पुरण्यापलीकडे नाळेचा कांहीं उपयोग असेल हें आमच्या वाडवडिलांच्या ध्यानींमनींही नव्हतें. परंतु १९८८ सालीं पॅरिस येथें डॉ. एलिआन ग्लुकमन यांनीं फॅन्कोनी नांवाच्या पांडुरोगानें पीडित अशा एका मुलास त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेंतील रक्त देऊन वांचविलें, आणि टाकाऊ ठरलेल्या या रक्तास औषधाची योग्यता आली.

या रक्तांतील मूलपेशींपासून सर्व प्रकारच्या रक्तपेशी बनतात. जखमेवर त्यांचा प्रयोग करणाऱ्यांची कल्पना अशी कीं, या पेशी स्वतः कातडी बनोत वा न बनोत, त्यांच्यांतून स्रवणारीं द्रव्यें जखमेभोंवतीं नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या निर्माण होण्यास चालना देतात. आणि रक्त पोंचल्यावांचून कोणतीही जखम भरत नाहीं.

हा विषय आमच्या घरीं पुस्तकी राहिला नाहीं. दारव्हा तालुक्यांत शेती करणाऱ्या आमच्या वडील बंधूंचें पाऊल मधुमेहानें चिघळलें होतें. त्याच सुमारास आमची कन्या बाळंतपणासाठीं यवतमाळास माहेरीं आली, आणि नाळेचें रक्त सांठविणाऱ्या एका कंपनीचा गृहस्थ भलीमोठी रक्कम सांगून गेला. दादांनीं तें ऐकलें. रात्रीं ते म्हणाले, "काय रे, लेकराचं रक्त माह्या पायाले लागू पडन काय?"

उत्तर देणें जड गेलें. पण 'नाहीं' असेंच तें होतें. रक्ताच्या कांहीं रोगांवरील रोपण वगळतां मूलपेशींचे बहुतेक इतर उपचार अद्याप प्रयोगावस्थेंतच आहेत. स्वतःच्या भावी उपयोगासाठीं हें रक्त राखण्यास शास्त्रीय आधार नाहीं, असें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०१७ सालीं स्पष्ट लिहिलें आहे. प्रयोग आणि विक्री ओळखण्याची एक खूण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी: खऱ्या प्रयोगांत औषधाचें मोल रुग्णाकडून घेत नाहींत.

दादांचें पाऊल भरलें तें साखर आवरून, मेलेलें मांस काढून, पायावर भार न देतां व नित्य पट्टी बदलून. दोन बोटें मात्र गमवावीं लागलीं. प्रयोग करणाऱ्यांस यश येवो, अशी आमची मनापासून इच्छा आहे. तोंपर्यंत वहिनी रोज रात्रीं दिव्याच्या उजेडांत दादांचे दोन्ही तळवे निरखून पाहतात. इतकें आज प्रत्येक घरीं होऊं शकतें.